निळ्यावरची काळी रेघ

त्या गल्लीत कपडे वाळत घालायला दोरी नसलेलं एकच घर होतं आणि ते रबरताईचं. तिचे कपडे खुर्च्यांच्या पाठीवर, दारांच्या कडांवर, खिडकीच्या गजांवर, जिथे जागा सापडेल तिथे पसरलेले असायचे. तिची नणंद गेली बारा वर्षं तिच्याकडे राहत होती आणि बारा वर्षं याच एका गोष्टीवरून कुरकुरत होती. "अगं, दोन खिळे आणि चार हात दोरी," ती म्हणायची, "एवढ्यासाठी माझे कपडे कायमचे दमट." रबरताई ऐकून घ्यायची आणि ओला टॉवेल खुर्चीवर नीट ताणून बसवायची. एकदा नणंदेने ती बाहेर गेल्याचं बघून स्वतःच खिळे ठोकले आणि दोरी बांधून टाकली. रबरताई बाजारातून आली. दोन खिळ्यांच्या मध्ये किंचित झोल पडलेली ती दोरी तिने पाहिली, पिशवी खाली ठेवली, कात्री आणली आणि दोरी कापून टाकली. त्यानंतर दोघींत दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या." रबरताई म्हणाली, "झालाय." मग दोघींनी चहा घेतला.

रबरताई हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ठेवलं होतं मास्तरांनी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट खोली होती आणि तिच्यात तिरक्या फळ्यांची दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर मास्तर बसायचे. ते व्यंगचित्रकार होते. त्याआधी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून सगळी कचेरी, अगदी संपादकसुद्धा, त्यांना मास्तरच म्हणायची. दुसऱ्या टेबलावर ती बसायची. तिचं काम सफाईचं. म्हणजे झाडूपोछा नव्हे. चित्रावर पडलेले शाईचे शिंतोडे पांढऱ्या रंगाने झाकायचे, बोटांचे ठसे रबराने पुसायचे, मास्तरांनी बारीक फुली केली असेल तिथे काळं भरायचं आणि दुपारी दोनच्या आत चित्र खालच्या मजल्यावर कॅमेऱ्याच्या खोलीत पोचवायचं. उशीर झाला की कॅमेरावाला जिन्यातून ओरडायचा. दिवसभर हातात रबर, म्हणून रबरताई. मास्तरांची मुलगी शाळा सुटल्यावर कधीतरी तिथे यायची आणि रबराच्या कचऱ्याच्या गोळ्या करत बसायची. ती रबरमावशी म्हणायची.

मास्तर आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं चित्र काढायचे आणि मग त्यावर ब्रशने काळी शाई फिरवायचे. निळी पेन्सिल अशासाठी, की फिका निळा रंग त्या कॅमेऱ्याला दिसायचाच नाही. त्यामुळे निळं पुसत बसायची गरज नसे. शाई फिरली ते छापून येई. जे निळं राहिलं, ते मास्तरांपाशी राहिलं. चित्रकाराने मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं आणि त्यातलं काय गिळून टाकलं, ते फक्त मूळ कागदावर दिसायचं, आणि तो कागद मास्तरांखेरीज एकटी रबरताईच नीट बघायची.

पुढे पुढे मास्तरांचे डोळे अधू झाले. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही, चष्माही बदलला नाही, पण रबरताईला कळायला काही वेळ लागला नाही. कोटाचं एखादं बटण निळंच राहायचं. खुर्चीला तीनच पाय यायचे. पहिल्यांदा तिने एका बुटाची राहिलेली नाडी भरली, तेव्हा आधी दोनदा दाराकडे पाहून घेतलं, कारण मास्तरांच्या रेषेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी छापलेलं चित्र डोळ्यांजवळ धरलं, त्या बुटापाशी थांबले आणि म्हणाले, "हं." बस, एवढंच. मास्तरांचं "हं" म्हणजे इतरांचं तासाभराचं भाषण. तेव्हापासून दीड वर्ष हे असंच चालू राहिलं. ते विसरायचे, ती भरायची, आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. म्हाताऱ्या माणसाची लाज राखायची तर ती अशीच राखावी लागते, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही यायला लागली होती. उद्याच्या पेपरात कुठेतरी एक बटण आपलं आहे, हे बसमध्ये बसल्या बसल्या तिला एकदम आठवायचं आणि ती खिडकीबाहेर बघून हसायची.

त्या दिवशीचं चित्र एका मंत्र्याचं होतं. निवडणूक तोंडावर आलेली आणि मंत्र्याने प्रत्येक सभेत एका थोर पुरुषाचं नाव घ्यायचा सपाटा लावलेला. त्या थोर पुरुषाचं नाव इथे सांगायची गरज नाही. प्रत्येक देशात असा एक तरी असतोच, ज्याचा पुतळा चौकात असतो, फोटो कचेरीत असतो आणि पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात. मास्तरांनी मंत्री पुढे चाललेला दाखवला होता, पोट पुढे, एक हात पाठीमागे, मूठ घट्ट वळलेली. त्याच्या मागून तो थोर पुरुष, साधे कपडे, मान खाली, मुकाट चाललेला. मास्तरांनी ते म्हातारपण फार मायेने काढलं होतं.

"झालंय," मास्तर म्हणाले. "सफाई करून दे खाली." आणि सव्वा वाजता डबा घेऊन कँटीनमध्ये गेले.

दीड वाजता तिने चित्र पुढ्यात घेतलं. सफाई करता करता तिला दिसलं, की मंत्र्याच्या मुठीतून एक निळी रेघ निघते, मध्ये किंचित झोल खाते आणि थोर पुरुषाच्या गळ्यापर्यंत जाते. दावं. मंत्री त्या देवमाणसाला जनावरासारखं दावं लावून मतं मागत हिंडवतोय. मूठ वळलेली आहे म्हणजे तिच्यात काहीतरी असलंच पाहिजे, आणि मास्तर नेमकं तेच विसरले आहेत, असं तिला वाटलं. चित्राचा सगळा जीव त्या रेघेत आणि तीच राहिली. बिचारे डोळे. रेघेच्या मध्यावर शाईचा एक मोहरीएवढा शिंतोडा होता. तो तिने पांढऱ्या रंगाने झाकला, फुंकर घालून वाळवला, दोन नंबरचा ब्रश शाईत बुडवला, श्वास रोखला आणि मुठीपासून गळ्यापर्यंत एका दमात रेघ मारली. इतकी चांगली रेघ तिने आयुष्यात कधी मारली नव्हती.

पावणेदोनला चित्र खाली गेलं. अडीचला मास्तर आले. "गेलं?" त्यांनी विचारलं. "गेलं," ती म्हणाली. त्या "हं" ची ती सकाळपर्यंत वाट बघत राहिली.

सकाळी ती पोचली तेव्हा संपादक मास्तरांच्या खोलीत आधीच आले होते. हे कधी घडत नसे. संपादक पेपर हातात धरून मास्तरांपुढे उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, काल आपलं ठरलं होतं ना? मी म्हणालो, मंत्र्याला हवं तितकं झोडा, पण त्या देवमाणसाच्या गळ्यात दावं नको. तुम्हालाही पटलं होतं. तुम्ही म्हणालात, नको, मलाही ते बघवत नाही. मी सही केली तेव्हा दावं नव्हतं."

रबरताई दारातच थांबली. मास्तर पेपराकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि संपादकांच्या खांद्यावरून तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला पुढची एकतीस वर्षं सोपी गेली असती.

"मी नंतर काढलं," मास्तर म्हणाले.

"नंतर?"

"तुमची सही झाल्यावर. मला वाटलं, काढावं. काढलं."

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. घरी सात वर्षांचा मुलगा, नवऱ्याची फिरतीची नोकरी, आणि तिची जागा अजून कायम झालेली नव्हती, ते न बोलण्याची ही सगळी कारणं तिने नंतर गोळा केली. त्या क्षणी कारण एकच होतं, ती घाबरली. खाली रस्त्यावर माणसं जमायला लागली होती आणि त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता. ती आपल्या टेबलापाशी गेली आणि तिने काल धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी पेपराने पहिल्या पानावर माफी मागितली. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आम्हाला प्राणाहून प्रिय आहे, पण, अशी तिची सुरुवात होती. त्या "पण" नंतर दीड रकाना मजकूर होता आणि त्यात मास्तरांना कामावरून कमी केल्याचं लिहिलं होतं. ज्यांनी ते चित्र धड पाहिलंही नव्हतं असे लोक थोर पुरुषाच्या गळ्यात दावं बांधणाऱ्याला शोधत होते. मंत्री तर सगळ्यात पुढे. दावं आपल्याच मुठीत होतं, हे तो साळसूदपणे विसरला होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तर कागद आणायला निघाले होते. चौघांनी त्यांना कागदाच्या दुकानापाशी गाठलं, त्यांचा उजवा हात दुकानाच्या उंबऱ्यावर धरला आणि शटर खाली ओढलं. एकदा नाही, तीनदा. दुकानदार आत होता. तो म्हणायचा, मास्तर ओरडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

ती दवाखान्यात गेली ती सगळं सांगून टाकायच्या निश्चयानेच. मास्तरांची बायको औषधं आणायला गेली होती. मुलगी बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. मास्तरांचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता आणि बाटलीतून येणारी सलाईनची नळी किंचित झोल खाऊन त्यांच्या दुसऱ्या हातात शिरत होती. तिने त्या नळीकडे पाहिलं.

मास्तरांनीच विचारलं, "ब्रश कुठला होता?"

"दोन नंबर," ती म्हणाली.

"वाटलंच. शेवटी जाड झाली. एक नंबर घ्यायचा आणि गळ्यापाशी हात उचलायचा." ते छताकडे बघत म्हणाले, "तिथे म्हातारा माणूस आहे. त्याला काचू द्यायचं नाही."

एवढ्यात त्यांची बायको आली आणि बोलणं तिथेच राहिलं. ते राहिलं ते कायमचंच. पुढे मास्तरांवर खटला उभा राहिला. मूळ चित्र पुरावा म्हणून जप्त झालं. सरकारी वकिलाने बोट ठेवून विचारलं, ही दोरी कुणाची, तेव्हा मास्तर म्हणाले, "या कागदावर जे काळं आहे ते सगळं माझं." दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत हे वाक्य ठळक आलं, माफी मागणाऱ्या पेपरातसुद्धा. मग वर्षभर विद्वानांना चर्चेचं कुरण मिळालं. चित्रकाराने कुठपर्यंत जावं, कुठे थांबावं, मर्यादा कुणी आखावी. रबरताई ते सगळं वाचायची. ज्यांना मास्तरांचा दुसरा हातही हवा होता त्यांची पत्रं वाचायची आणि ज्यांना मास्तरांचा पुतळा उभारायचा होता त्यांचे लेखही वाचायची. मर्यादा मास्तरांनी त्या दिवशी सकाळीच आखली होती, निळ्या पेन्सिलीने, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ती भीतीने आखली होती, की संपादकांच्या भिडेने, की त्या म्हाताऱ्याच्या मायेने, हे रबरताईलाही माहीत नव्हतं. ते विचारायला अकरा वर्षं होती. अकरा वर्षं मास्तर जिवंत होते, डाव्या हाताने चहाचा कप धरत होते, आणि ती त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होती.

तिने ती नोकरी सोडली आणि एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायच्या कामाला लागली. पुन्हा ब्रश हातात धरला नाही. पण दुपारचा दीड वाजला, की तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आपसूक एकत्र यायची. पोराचं लग्न झालं, नवरा गेला, नणंद राहायला आली, तरी बोटांनी वेळ चुकवली नाही. आणि झोल पडलेली प्रत्येक गोष्ट तिला तीच दिसायची. विजेच्या तारा, बेसिनमध्ये पडलेला लांब केस, नातीने ओढत आणलेली खेळण्यातल्या गाडीची दोरी. नात म्हणाली, "आजी, तू गाडी ओढ." आजी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

एकतीस वर्षांनी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती आता एका शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिचा आवाजही तसाच होता, ऐकणारा आपोआप ताठ बसे असा.

"रबरमावशी, चित्र मिळालं. कोर्टाच्या कोठीतून. सोळा अर्ज केले, तेव्हा कुठे. पुढच्या रविवारी बाबांचं प्रदर्शन लावतेय, वाचनालयाच्या हॉलमध्ये. पण चित्राला जरा इजा झालीय. बाबांच्या रेषेला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुम्ही याल?"

"येते," रबरताई म्हणाली. नणंदेला तिने सांगितलं, की कपाटातली जुनी लाकडी पेटी काढून दे. नणंद म्हणाली, "आता या वयात काय दुकान थाटणारेस?" आणि खुर्चीवर चढून पेटी काढून दिली.

मुलीचं घर स्वच्छ, उजेडाचं होतं. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून तिच्यावर चित्र ठेवलं होतं. कागद पिवळा पडला होता, मागे कोर्टाचे शिक्के होते. रबरताईने चष्मा लावला. मंत्र्याचं पोट, वळलेली मूठ, खाली घातलेली मान. आणि दावं मध्येच तुटलेलं. जिथे तिने शिंतोड्यावर पांढरा रंग लावला होता, तिथला रंग एकतीस वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटला होता. त्याच्याबरोबर तिची शाई गेली होती आणि शिंतोडाही निघाला होता. नखाएवढी जागा उघडी पडली होती आणि त्या उघड्या जागेत मास्तरांची निळी पेन्सिल दिसत होती. फिकी, हलकी, गळ्याकडे जाताना आणखी हलकी झालेली.

"एवढंच जोडायचंय," मुलगी म्हणाली. "हॉलवाल्यांचं म्हणणं होतं, या चित्रावर पडदा टाका. वाद नको. मी म्हटलं, पडदा टाकायचा तर मलाही टाका पडद्यामागे. दोन पोलीस देणार आहेत दारात. चालेल. पण बाबांची रेषा तुटलेली नको."

रबरताई खुर्चीत बसली. "बाळ, आधी मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि तिने सांगितलं. बुटाची नाडी, बटणं, दीड वाजता, दोन नंबरचा ब्रश, दारात उभी असताना मास्तरांनी पाहिलं ते, आणि दवाखान्यात विचारलं ते. सगळं सांगायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकतीस वर्षांचं ओझं एवढ्याशा वेळात उतरतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. मग तिने मुलीकडे पाहिलं आणि तिला कळलं, की ते उतरलेलं नाही, फक्त टेबलाच्या पलीकडे गेलंय.

मुलीने भिंग आणलं. बराच वेळ कागदावर वाकून राहिली.

"ही निळी बाबांची."

"हो."

"मग रेषा त्यांचीच की. तुम्ही फक्त गिरवली."

"काढली त्यांनी. सोडलीही त्यांनीच, बाळ. त्यांनी सोडलेली मी उचलली."

मुलगी खुर्चीवर बसली. आता तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "मी बाबांना भरवलंय, मावशी. नऊ वर्षांची होते. त्यांच्या शर्टाची बटणं लावून शाळेत जायचे. शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाने देवमाणसाला दावं बांधलं. मी म्हणायचे, हो, बांधलं, त्यांना खरं वाटलं म्हणून बांधलं. या एका वाक्यावर मी मोठी झाले. आणि आता तुम्ही सांगताय, की त्यांना ते नकोच होतं. मग त्यांचा हात कशासाठी गेला?"

"माझ्यासाठी," रबरताई म्हणाली. हे तिने याआधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं. मुलीने भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं.

"बाबांना माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "अकरा वर्षं होती त्यांच्याकडे. आईला सांगितलं नाही, मला नाही, कोर्टातही नाही. त्यांनी सांगितलं नाही, तर तुम्ही कोण सांगणाऱ्या? उद्या हे बाहेर गेलं ना, तर ते शटर ओढणारे म्हणतील, बघा, त्याचीसुद्धा हिंमत नव्हती. बाईची चूक होती आणि गाजावाजा स्वातंत्र्याचा. नाही, मावशी. हे बोलायचं नाही."

"मग मी हे कुठे बोलू?"

"कुठेच नाही." ती उठली आणि तिने चित्र रबरताईपुढे सरकवलं. "तुमची रेघ आहे म्हणता ना? मग जोडा."

रबरताईला राग यायला हवा होता. सगळ्या जगाने वाटेल ते बोलावं यासाठी ज्या घराने हात दिला, त्याच घरात तिच्या तोंडावर बोट ठेवलं जात होतं. पण राग आला नाही. मुलगी पाठीमागे हात घट्ट धरून उभी होती आणि शाळेतल्या पोरांना उत्तर देणारी ती नऊ वर्षांची मुलगी तिच्यात अगदी स्पष्ट दिसत होती. रबरताईने पेटी उघडली. एक नंबरचा ब्रश तिने त्या दवाखान्यानंतर विकत आणला होता आणि कधीच वापरला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ तिने मुद्दाम पाहिलं नाही, पण बोटं आपसूक एकत्र आली. तिने श्वास रोखला आणि नखाएवढी रेघ मास्तरांच्या निळ्यावरून ओढली, निळ्याला अजिबात न सोडता. निळं दिसेनासं झालं. गळ्यापाशी अजून तिची ती जुनी जाड रेघच होती. त्या रेघेचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

"सुरेख," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कळतसुद्धा नाही."

रविवारी हॉलमध्ये चांगली गर्दी होती. दारात दोन पोलीस पेंगत होते. आतल्या मुख्य भिंतीवर ते चित्र होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत मास्तरांचं कोर्टातलं वाक्य. लोक पाठ करून आल्यासारखे थेट दाव्यापाशी जायचे, बोट दाखवायचे, फोटो काढायचे. "काय धाडस आहे बघ त्या रेषेत," एक जण दुसऱ्याला म्हणाला. मुलीने भाषण केलं. छान केलं. माणसाने आपल्या प्रत्येक रेषेची जबाबदारी घ्यावी, असं ती म्हणाली आणि हे म्हणताना तिने रबरताईकडे पाहिलं नाही. नणंद शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. "अगं, एवढ्या मोठ्या माणसाबरोबर काम केलंस आणि बारा वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस," ती कुजबुजली.

भाषण संपल्यावर कुणीतरी सांगितलं, की मास्तरांच्या सहकारी इथेच आहेत, आणि एक वार्ताहर मुलगी माईक घेऊन रबरताईपुढे आली. मागोमाग माणसं गोळा झाली.

"आजी, हे चित्र झालं तेव्हा तुम्ही त्याच खोलीत होतात?"

"होते."

"मग सांगा ना. ही रेषा, ज्या रेषेने इतिहास घडवला, ती काढली गेली त्या क्षणी मास्तर काय म्हणाले?"

गर्दीच्या पलीकडे मास्तरांची मुलगी उभी होती. तिच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडाजवळ जाऊन थांबला होता. रबरताईने तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. वळलेली मूठ, झोल, खाली घातलेली मान. खोटं बोलणं सोपं होतं. काहीतरी भारदस्त वाक्य मास्तरांच्या तोंडी घातलं असतं, तर सगळ्यांनी लिहून घेतलं असतं.

"काही नाही म्हणाले," ती म्हणाली. "मास्तर तेव्हा जेवायला गेले होते."

मग वार्ताहर मुलगी हसली, तिच्या मागचा एक जण हसला आणि सगळा हॉल मोकळेपणाने हसायला लागला. "वा, आजी," कुणीतरी म्हणालं, "मास्तरांचीच शिष्या." कुणीतरी टाळीही दिली. वार्ताहर मुलीने ते वाक्य वहीत टिपलं आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं, हशा.

मास्तरांची मुलगी तेवढी हसली नाही. तिने ग्लास खाली ठेवला, गर्दीतून वाट काढत आली, रबरताईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत होता. त्या हातांच्या आत रबरताईची तीन बोटं हळूहळू एकत्र आली.